रविवारची फुटबॉल टीम मोठ्या मॅचना न्यायची असेल तर

सोलापुरात क्रिकेटवाल्यांतून ग्राउंड मिळवायचीच मारामार, त्यात तुम्ही फुकट शिकवणारे, आणि पोरं जरा बरी खेळायला लागली की कुणीतरी पालक म्हणतोच, ओ सर, आता पुण्याला घेऊन जावा की. जावा, पण कुठल्या लीगमध्ये नाव घालायच्या आधी दोन-तीन फ्रेंडली खेळा, तेही आपल्यापेक्षा भारी टीमशी. हुतात्मा एक्सप्रेसनं सकाळी निघालं की मॅच खेळून रात्री घरी येता येतं. कोल्हापूर लांब पडतं, पण तिथं पेठापेठांत फुटबॉल मुरलाय, पोरांचे डोळे उघडतात.

तिथं स्कोअर बघत बसू नका. बॉल आल्यावर पहिल्या टचला पायाजवळ राहतो का, अंगावर कुणी आलं तर पोरगं मान वर करून बघतं का की नुसतं लांब मारून मोकळं होतं, ते बघा. लहान टर्फवर पाच-पाच खेळून सवय झालेली असते, अकराच्या मॅचमध्ये सगळे बॉलमागं पळतात आणि पलीकडची अर्धी बाजू मोकळी. त्यासाठी एकच खेळ रोज घ्या, चौकोनात चौघं पास देणारे, मधी दोघं हिसकावणारे, दोनच टच, आणि गोलकीपरलाही त्यात घ्या, बिचारा कायम बाजूला हातमोजे घालून उभा असतो.

मग पालकांची मीटिंग, आणि ही टाळूच नका. आतापर्यंत सगळ्यांना सारखं खेळायला मिळत होतं, आता बेंचवर बसावं लागेल, हे तोंडावर सांगा, प्रवासखर्च किती येईल तेही. एप्रिल-मे मध्ये पारा चाळीसच्या वर, तेव्हा प्रॅक्टिस सकाळी सहालाच, हेपण तेव्हाच. निवड न झालेल्यांची रविवारची बॅच बंद करायची नाही, कारण तेराव्या वर्षी बुटका वाटणारा पोरगा पंधराव्या वर्षी कुठल्या कुठं जातो.

कागदपत्रांत लोक घोळ घालतात तो असा की सुब्रतो कप आणि जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या स्पर्धा शाळांच्या असतात, तुमची टीम म्हणून उतरता येत नाही, पोरं आपापल्या शाळेकडून खेळणार, कधी एकमेकांविरुद्धपण. क्लब म्हणून जायचं तर राज्याची संघटना विफा, म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, आणि खेळाडूंची एआयएफएफच्या, म्हणजे देशाच्या फुटबॉल संघटनेच्या, सीआरएस नावाच्या ऑनलाइन सिस्टीमवर नोंदणी. जन्मदाखला आधीच काढून ठेवा, वयाच्या बाबतीत लबाडी नको, टीडब्ल्यू-थ्री नावाच्या टेस्टमध्ये मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय बघतात. तुम्ही स्वतः एआयएफएफचा ई लायसन्स करून घ्या, सुरुवातीचाच कोर्स आहे, पुढं जमलं तर डी.

एवढं करून दमछाक होत असेल तर मोठी बॅच दुसऱ्या एखाद्या चांगल्या कोचकडं सोपवा, त्यात कमीपणा कसला, लहान पोरांना शिकवणारे तरी कुठं मिळतात.

आणि जर्सी सगळ्यात शेवटी. ग्रुपवर पहिला प्रश्न तोच येतो, रंग कुठला, नाव मागं टाकायचं का, पण आधी सगळ्यांना शिनगार्ड, म्हणजे नडगीला लावायचं पॅड, घ्या, आणि बूट एक साईज मोठे घेऊ नका, "पुढच्या वर्षी होतील" म्हणून घेतलेल्या बुटात टाचेला फोड येऊन पोरगं मॅचच्या दिवशी लंगडतं.