गरीचा रंग बदलण्याआधी या चुका टाळा

खाडीत दोन तास गरवूनही मासा लागला नाही की पहिला संशय रंगावर: तंगूस (मासेमारीची दोरी) हिरवा हवा होता, गरी (आमिष टोचायचा आकडा) लाल हवी होती. रंगाने फरक पडतो, पण खरा दोष बहुधा जाडीत, चकाकीत नाहीतर बोथट टोकात सापडतो.

पाणी न बघता रंग निवडणे. उधाणाच्या भरतीला गाळ उठतो. हातभर खोल सोडलेली गरी आपल्यालाच दिसेनाशी झाली, तर तंगूस पांढरा की हिरवा याचा विचार सोडून द्या. तिथे मासा वासावर आणि हालचालीवर येतो, त्यामुळे आमिषाची कोळंबी ताजी हवी. भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत, त्यातही हिवाळ्यात, पाणी निवळतं. रंग आणि जाडी तेव्हा बघायची.

ब्रेड (विणलेली दोरी) थेट गरीला बांधणे. निवळ पाण्यात ही सर्वांत महागात पडणारी चूक. ब्रेड अपारदर्शक असते, कुठल्याही रंगाची घ्या, ती दिसतेच. मागची दोरी खुशाल भडक पिवळी ठेवा, ती कुठे चालली हे तुम्हाला दिसायला हवं. पुढे मात्र लीडर, म्हणजे गरीजवळचा 60 ते 90 सेंमी पारदर्शक तुकडा, जोडा. लीडर फ्लुरोकार्बनचा किंवा नायलॉनचा मिळतो. फ्लुरोकार्बनचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) साधारण 1.42, नायलॉनचा 1.53 च्या आसपास आणि पाण्याचा 1.33; पाण्याच्या जास्त जवळ म्हणून फ्लुरोकार्बन कमी चमकतो. ‘अदृश्य’ हे वेष्टनावरचं कौतुक. काळुंदरासारख्या लहान माशासाठी 0.20–0.25 मिमी जाडी पुरे, त्याजागी 0.50 लावलात तर दोरी दिसते आणि आमिषही ताठ लटकतं. उलट जिताडा, तांबोशी या दांडग्या माशांना बारीक लीडर टिकत नाही: जिताड्याच्या कल्ल्याची कड धारदार, तांबोशी खडकात घुसते. तिथे थोडं दिसलं तरी चालेल, 0.50–0.60 च घ्या. आणखी एक: फ्लुरोकार्बन बुडतो, तरंगत्या ल्यूरला (कृत्रिम आमिषाला) नायलॉनचा लीडर बरा.

लाल गरीवर भरवसा. निवळ पाण्यात तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषला जातो, काही मीटर खाली लाल गरी काळपटच दिसते. कोळंबीच्या आत लपली तर रंग कुणाला दिसणार? स्वस्त रंगवलेल्या गरीत टोकावर रंगाचा थर बसतो. टोक नखावर हलकेच ओढा. रुतायच्या ऐवजी घसरलं तर कानस मारा किंवा गरी बदला.

लक्षण वेगळं, उपाय भलताच. मासा टोचतो पण लागत नाही: टोक आमिषात पूर्ण गाडलं गेलंय, किंवा गरी मोठी आहे, काळुंदराला 8 ते 10 नंबर. तंगूस पिळतो: कोळंबी वाकडी टोचल्यामुळे गिरक्या घेते, सरळ टोचा, स्विवल (फिरती कडी) लावा. तंगूस तुटला तर त्याचं तुटलेलं टोक बघा. कुरळं असेल तर गाठ सुटली (आवळण्याआधी ओली करा), खरखरीत असेल तर खडकावर घासला, साफ कापलेलं असेल तर दात.

एवढं तपासूनही रंगाचीच शंका असेल, तर दोन गळ शेजारी टाका: जाडी, गरी, शिसं, आमिष सगळं सारखं, फक्त लीडरचा रंग वेगळा. अर्ध्या तासाने जागांची अदलाबदल करा, नाहीतर एकाखालचा खडक तुम्हाला फसवेल.