घरच्या घरी ब्लो ड्राय : ड्रायरची निवड आणि केस वाळवण्याची पद्धत

घरी हेअर ड्रायर वापरणाऱ्यांची नेहमीची तक्रार अशी की केस वाळतात खरे, पण सलूनमध्ये बसतात तसे बसत नाहीत; वरून पिंजारलेले दिसतात आणि टोके राठ होतात. याचे कारण बहुधा एकच असते : आपण सगळी भिस्त उष्णतेवर ठेवतो. वास्तविक केसांतले पाणी काढून टाकण्याचे मुख्य काम वाऱ्याचे आहे, आकार येतो तो ब्रशच्या ताणामुळे, आणि उष्णतेने या दोघांना बेताची साथ द्यायची असते. ड्रायर निवडताना आणि तो हातात धरताना ही वाटणी लक्षात ठेवली, तर साध्या यंत्रानेही चांगले केस बसवता येतात.

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. या प्रथिनातील हायड्रोजन बंध पाणी लागले की सुटतात आणि केस वाळताना पुन्हा जुळतात. म्हणून केस ज्या वळणात पूर्ण वाळतो, ते वळण तो पुन्हा ओलावा लागेपर्यंत धरून ठेवतो. दमट हवेत नीट बसवलेले केसही काही वेळाने मूळ वळणावर जातात ते याच कारणाने. दुसरी गोष्ट केसाच्या पृष्ठभागाची. त्यावर छपरावरील कौलांसारखे एकावर एक चढलेले सूक्ष्म खवले असतात आणि त्यांची मोकळी कड टोकाच्या दिशेला असते. वारा मुळाकडून टोकाकडे गेला तर हे खवले चपटे बसतात आणि केस चमकतो. उलट दिशेने गेला तर ते उचलले जातात आणि केस विस्कटलेले दिसतात.

ड्रायर घेताना बहुतेक जण आधी वॉट पाहतात. घरगुती वापराला १६०० ते २००० वॉटचा ड्रायर साधारणपणे पुरतो. मात्र वॉट हा आकडा यंत्र किती वीज घेते एवढेच सांगतो आणि त्यातली बरीचशी वीज हवा तापवण्यात जाते, तेव्हा वारा किती जोरदार आहे हे शक्य असल्यास यंत्र चालू करून हातावरच पाहावे. माझ्या मते सर्वांत आधी तपासायची गोष्ट म्हणजे उष्णता आणि वेग यांची बटणे वेगवेगळी आहेत का. ज्या ड्रायरमध्ये वेग वाढवला की उष्णताही आपोआप वाढते, त्यात जोरदार पण कोमट वारा मिळतच नाही, आणि आपल्याला सर्वाधिक वेळ तोच लागतो. त्यानंतर थंड हवेचे बटण आणि घट्ट बसणारे, तरीही फिरवता येणारे चपटे नोझल, म्हणजे वारा अरुंद पट्ट्यात सोडणारे पुढचे तोंड, पाहावे. ढिले नोझल ऐन कामात गळून पडते आणि तोवर ते इतके तापलेले असते की उचलताही येत नाही.

वजनाकडे दुर्लक्ष करू नये, कारण हात डोक्याच्या वर धरून बराच वेळ काम करायचे असते. डीसी मोटरचे ड्रायर हलके असतात. एसी मोटरचे जड असले तरी सहसा अधिक टिकतात आणि वाराही जोमाने देतात. ब्रशलेस (आत कार्बनचे ब्रश नसलेल्या) मोटरचे ड्रायर हलके व वेगवान असले तरी बरेच महाग असतात. आयनिक ड्रायर ऋणभारित आयन, म्हणजे ऋण विद्युतभार असलेले सूक्ष्म कण, सोडतात, त्यामुळे केसांवरचा स्थिर विद्युतभार कमी होतो. कोरड्या हवेत ज्यांचे केस उडतात त्यांना याचा उपयोग होऊ शकतो, पण केवळ या शब्दासाठी बाकीच्या गोष्टींवर पाणी सोडू नये. २३० व्होल्टच्या जोडणीवर २००० वॉटचा ड्रायर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो, त्यामुळे तो बारीक वायरच्या एक्स्टेन्शन बोर्डवर लावू नये.

आता प्रत्यक्ष कृती. ओला केस अधिक ताणला जातो आणि लवकर तुटतो, म्हणून टॉवेलने केस घासू नयेत. मऊ कापडात गुंडाळून, दाबून पाणी टिपावे. मग रुंद दातांच्या कंगव्याने टोकांपासून सुरुवात करत वर मुळांकडे गुंता सोडवत जावे आणि उष्णतेपासून संरक्षण देणारे क्रीम किंवा स्प्रे केसांच्या मधल्या भागापासून टोकांपर्यंत बेताने लावावा. निथळत्या केसांवर कडक उष्णता सोडणे सर्वांत घातक ठरते, कारण केसाच्या आतल्या पाण्याची वाफ होऊन तिथे बुडबुडे तयार होतात आणि केस त्या जागी ठिसूळ होतो.

सुरुवातीला नोझल न लावता, मध्यम उष्णता आणि पूर्ण वेग ठेवून, बोटांनी केस उचलत ते साधारण ८० टक्के वाळवावेत. दक्षिण कोरियातील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ड्रायर ५ सेंटीमीटरवर धरला असता तापमान ९५ अंश सेल्सिअस, १० सेंटीमीटरवर ६१ अंश आणि १५ सेंटीमीटरवर ४७ अंश भरले होते. १५ सेंटीमीटर अंतर राखून ड्रायर सतत हलता ठेवावा, असा त्यांच्या निष्कर्षाचा मथितार्थ होता. १५ सेंटीमीटर म्हणजे एका वितीपेक्षा थोडे कमी, तेव्हा अंदाज घेणे अवघड नाही. कपाळावरचे केस मात्र आधी घ्यावेत, कारण ते आखूड असल्याने लवकर वाळतात आणि एकदा वेडेवाकडे वाळले की पुन्हा ओले केल्याशिवाय वळत नाहीत.

उरलेल्या ओलसरपणातच खरा ब्लो ड्राय, म्हणजे ब्रश आणि वाऱ्याने केसांना आकार देण्याचे काम, होतो आणि इथेच घाई नडते. आता ड्रायरला नोझल लावावे, केसांचे भाग करून वरचे भाग क्लिपने बांधावेत व मानेलगतच्या थरापासून सुरुवात करावी. ब्रशच्या रुंदीपेक्षा जाड बट घेऊ नये. गोल ब्रश बटेच्या खालून मुळाशी टेकवावा, बट किंचित ताणून धरावी आणि नोझलचे तोंड टोकांकडे तिरपे ठेवून ब्रशच्या मागोमाग सावकाश खाली आणावे. तीच बट दोन-तीनदा अशी घ्यावी. टोकाशी आल्यावर ब्रश आत वळवून गुंडाळावा, थोडा वेळ गरम हवा द्यावी, मग थंड हवेचे बटण दाबून बट हाताला पूर्ण गार लागेपर्यंत ब्रश तसाच ठेवावा आणि अलगद उलगडून काढावा. गरम असतानाच ब्रश ओढून काढला तर वळण लगेच सैल पडते. बट कोरडी वाटली तरी मुळाशी बोट घालून पाहावे. तिथे ओल राहिली असेल तर थोड्या वेळाने केस चपटे बसतात. मुळाशी फुगीरपणा हवा असेल, तर तेथील केस नेहमीच्या भांगाच्या विरुद्ध बाजूला ओढून वाळवावेत.

कुरळ्या केसांना ब्रशने ताणण्याऐवजी डिफ्यूझर (वारा पसरवणारे वाटीसारखे तोंड) लावून, कमी वेगाने, केस खालून ओंजळीत धरल्यासारखे वर उचलत वाळवावे आणि ते पूर्ण वाळेपर्यंत बोटे फिरवू नयेत. पातळ किंवा रंगवलेल्या केसांना कमी उष्णता पुरते. जाड, दाट केसांना उष्णता वाढवण्यापेक्षा बटा लहान घेण्याचा अधिक उपयोग होतो.

ड्रायरच्या मागची जाळी ही सर्वांत दुर्लक्षित जागा. तिथे केस आणि धूळ अडकली की वारा मंदावतो, आतली तार जास्त तापते आणि सुरक्षेसाठी यंत्र मध्येच बंद पडू लागते. म्हणून प्लग काढून, यंत्र पूर्ण गार झाल्यावर, मऊ ब्रशने जाळी नियमित साफ करावी. वायर ड्रायरभोवती घट्ट गुंडाळून ठेवू नये, कारण ती मुठीपाशी पिचते. न्हाणीघरात भरलेल्या बादलीजवळ किंवा बेसिनपाशी ड्रायर वापरू नये आणि काम संपताच प्लग काढावा. जाळी स्वच्छ असूनही जळका वास येत असेल किंवा वायर मुठीजवळ गरम लागत असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत तो ड्रायर वापरू नये.