डासांच्या अळ्यांवर सूत्रकृमी सोडताना

डासांच्या अळ्यांवर जगणारा रोमॅनोमर्मिस हा सूत्रकृमी, म्हणजे दोऱ्यासारखा बारीक जंत, वापरायचा असेल, तर त्याची घाई आधी समजून घ्यावी लागते. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला एक-दोन दिवसांत अळी सापडली नाही तर ते मरते. म्हणून पाण्याची पाहणी आधी करावी आणि अंडी नंतर भिजवावीत.

पांढऱ्या ओगराळ्याने डबक्याच्या कडेचे पाणी हलकेच उचलावे. त्यात जेमतेम दिसणाऱ्या बारीक अळ्या वळवळत असतील तर वेळ योग्य आहे, कारण कोवळ्या अळीची त्वचा भेदून आत शिरणे या कृमीला सोपे जाते. स्वल्पविरामासारखे दिसणारे कोष बहुसंख्य असतील, तर पुढच्या पिढीची वाट पाहावी. खाऱ्या, वाहत्या किंवा गटाराच्या पाण्यात हा खटाटोप करूच नये. शेतातील हुमणी या मुळे खाणाऱ्या अळीसाठी मिळणारे सूत्रकृमीही येथे कामाचे नाहीत, ते मातीतले असल्यामुळे पाण्यात सरळ तळाशी बसतात.

अंडी ओल्या वाळूत साठवलेली असतात. त्या वाळूवर क्लोरीन नसलेले पाणी ओतले की काही तासांत पिल्ले बाहेर पडून पोहू लागतात. पाणी हळुवार ढवळून त्यातील एक मिलिलिटर सूक्ष्मदर्शकाखाली मोजावे आणि असे चार-पाच नमुने घेऊन सरासरी काढावी. एका चौरस मीटरला सुमारे 3,000 पिल्ले धरली, तर 10 चौरस मीटरच्या डबक्याला 30,000 लागतात. झारीने किंवा बारीक जाळी काढलेल्या फवारणी पंपाने ती कडेकडेने, गवताच्या बुडाशी सोडावीत. भांडे उन्हात तापू देऊ नये.

यानंतर अळ्या काही दिवस तशाच वळवळत राहतात, आणि उपाय फसला असे समजून अनेक जण नेमके याच वेळी कीटकनाशक ओततात. त्याऐवजी चार-पाच दिवसांनी एक अळी काचेवर घेऊन उजेडात भिंगाखाली धरावी, म्हणजे तिच्या छातीत वेटोळे घातलेला पांढरा दोरा दिसतो. साधारण आठवड्याने तो कृमी अळी फोडून बाहेर येतो, अळी मरते आणि कृमी तळाच्या गाळात जाऊन पुढे अंडी घालतो. म्हणून तो गाळ उपसू नये. नव्या कोवळ्या अळ्यांत दोरा दिसेनासा झाला, तरच पुन्हा मात्रा द्यावी.