रोजच्या मेकअपमध्ये चेहऱ्याला उठाव आणि रेखीवपणा कसा आणावा

फाउंडेशन नीट बसले, डोळ्यांखालची काळी वर्तुळे झाकली गेली, तरीही आरशातला चेहरा सपाट दिसतो, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. याचे कारण बहुतेक वेळा प्रसाधनाच्या दर्जात नसून फाउंडेशनच्या कामातच असते. उघड्या त्वचेवर गालांची लाली, नाकाच्या दोन्ही अंगांची फिकट सावली, जबड्याखालचा गडदपणा असे रंगाचे अनेक बारीक फरक असतात आणि चेहऱ्याची ठेवण आपल्याला त्यांच्यामुळेच जाणवते. फाउंडेशन डाग झाकताना हे फरकही झाकून टाकते. पुढे दिलेल्या पायऱ्यांचा उद्देश हे झाकले गेलेले फरक थोड्या प्रमाणात परत आणण्याचा आहे. वेगळाच चेहरा रंगवण्याची खटपट रोजच्या मेकअपमध्ये करू नये.

यात दोन कामे येतात आणि ती वेगळी ओळखलेली बरी. उठाव येतो तो उजेड आणि सावलीमुळे. प्रकाश वरून येतो असे आपला मेंदू गृहीत धरतो, हे मेंदूशास्त्रज्ञ विलयनूर रामचंद्रन यांनी १९८८ साली साध्या वर्तुळांच्या चित्रांतून दाखवले होते. वरची बाजू उजळ आणि खालची गडद असलेले वर्तुळ फुगीर भासते, तेच उलटे केले की खोलगट भासते. म्हणून चेहऱ्यावरही वर वळलेल्या भागांवर उजळपणा आणि त्यांच्या खाली सावली असेल तरच ती खरी वाटते. रेखीवपणा मात्र विरोधातून येतो, म्हणजे डोळे, भुवया आणि ओठ आजूबाजूच्या त्वचेपेक्षा किती वेगळे उठून दिसतात यावर तो अवलंबून असतो. रिचर्ड रसेल या मानसशास्त्रज्ञाने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मेकअपमुळे डोळे व ओठ आणि भोवतालची त्वचा यांच्यातला हा फरक वाढतो, असे नोंदवले आहे.

पायरी १ : पातळ बेस

खिडकीकडे तोंड करून बसावे. एका बाजूने येणाऱ्या उजेडात एक गाल आपोआप गडद दिसतो आणि तिथे रंग कमी-जास्त होतो. सनस्क्रीन त्वचेत मुरू द्यावे आणि मगच फाउंडेशन घ्यावे. ते नाकाच्या आजूबाजूला, हनुवटीवर आणि जिथे त्वचेचा रंग असमान आहे तिथे लावून कडांकडे विरत न्यावे. संपूर्ण चेहऱ्यावर जाड थर दिला तर नंतर कॉन्टूरही (सावली दाखवणारा गडद रंग) जास्त लागतो आणि पाच मिनिटांचा मेकअप समारंभाचा होऊन बसतो.

पावडर केव्हा लावायची, हे इथेच ठरवावे. क्रीमचा कॉन्टूर आणि क्रीमचा ब्लश (गालांची लाली) वापरणार असाल तर ते आधी लावून घ्यावेत आणि पावडर शेवटी फिरवावी. पावडरवर क्रीम घासले की बेस गोळा होतो आणि चट्टे पडतात. दोन्ही प्रसाधने पावडरची असतील, तर मात्र आधी हलकी पावडर लावलेली चांगली, कारण ओलसर बेसवर सुका रंग जिथे टेकतो तिथेच चिकटून बसतो.

पायरी २ : कॉन्टूर

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि त्यांतल्या बऱ्याचशा रंगाच्या निवडीत होतात. सावलीत नारिंगी किंवा लालसर छटा नसते. म्हणून कॉन्टूरचा रंग आपल्या त्वचेपेक्षा एक किंवा फार तर दोन छटा गडद, थंड (लालसर-पिवळसर झाक नसलेला) अथवा तटस्थ तपकिरी आणि पूर्णपणे मॅट, म्हणजे बिनचमकीचा असावा. ब्रॉन्झर ही वेगळी वस्तू आहे. उन्हाने आलेला उबदार रंग दाखवणे हे त्याचे काम, त्यामुळे तो गालाखालच्या खळग्यात लावला तर सावलीऐवजी तांबूस पट्टा दिसतो. गोऱ्या त्वचेवर करडेपणाकडे झुकणारा तपकिरी शोभतो. तोच करडेपणा सावळ्या आणि गडद त्वचेवर राखेसारखा दिसतो, तेव्हा तिथे खोल, तटस्थ तपकिरी निवडावा.

जागा शोधण्यासाठी तक्ते पाहू नयेत, बोट वापरावे. कानाच्या मध्यापासून ओठांच्या कोपऱ्याच्या दिशेने बोट दाबत आणले की गालाचे हाड लागते आणि त्याच्या खाली खळगा लागतो. रंग खळग्याच्या तळाशी न लावता हाडाच्या खालच्या कडेला, किंचित वरच लावावा. कानाजवळून सुरुवात करून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या सरळ खाली आल्यावर थांबावे. त्याच्या पुढे, ओठांकडे रंग नेला की गाल ओढलेले आणि चेहरा थकलेला दिसतो.

ब्रश लहान आणि मऊ घ्यावा. रंग घेतल्यावर तो आधी हाताच्या पाठीवर टेकवावा म्हणजे जादा रंग तिथेच राहतो. पहिला स्पर्श कानाजवळ करावा, कारण पहिल्या टेकणीला रंग सर्वांत गडद उतरतो आणि खरी सावलीही तिथेच गडद असते. नंतर ब्रशवर काहीही न घेता, वरची कड छोट्या गोलाकार हालचालींनी वर विरवत न्यावी. खालची कड फक्त मऊ करावी, खाली ओढू नये. ती खाली पसरली की संपूर्ण गालच उतरल्यासारखा वाटतो.

जबड्यासाठी उरलेला रंग हाडाच्या अगदी कडेखाली लावून मानेकडे विरवावा. कपाळ रुंद वाटत असेल तर केसांच्या रेषेलगत हलका हात फिरवता येतो. नाकाच्या दोन्ही बाजूंच्या रेषा मात्र रोजसाठी वगळाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. फोटोत त्या खपून जातात, पण समोर बसलेल्या माणसाला मान वळताच दिसतात.

पायरी ३ : ब्लश

हसून गालाचा फुगलेला भाग शोधावा आणि त्यावर ब्लश लावावा, हा सल्ला सर्वत्र दिला जातो. त्यात एक अडचण आहे. हसू ओसरले की तो भाग खाली येतो आणि त्याच्यासोबत रंगही खाली उतरतो. त्यामुळे चेहरा शांत ठेवून, कॉन्टूरच्या थोडे वर, गालाच्या मध्यापासून कानशिलाकडे ब्लश न्यावा आणि नाकापासून दोन बोटे अंतर सोडावे. कॉन्टूर आणि ब्लश यांची सीमा वेगळी दिसता कामा नये. ती दिसत असेल तर बेसचा ओलसर स्पंज, नवीन फाउंडेशन न घेता, तिथे हलकेच टिपावा.

पायरी ४ : उजळपणा

बहुतेक हायलायटरची चमक अभ्रकाच्या बारीक कणांमुळे येते. हे कण प्रकाश परतवतात, तसेच मोठी रोमछिद्रे, पुरळ आणि सुरकुत्याही उघड्या पाडतात. तेव्हा गालाच्या हाडाच्या सर्वांत वरच्या कडेला आणि वरच्या ओठाच्या मधल्या खाचेवर अगदी थोडा हायलायटर पुरतो. त्वचा तेलकट असेल तर चमकीऐवजी एक छटा उजळ असलेला मॅट कन्सीलर (डाग झाकणारे दाट प्रसाधन) डोळ्यांखाली आणि कपाळाच्या मध्यावर टिपावा. उठाव त्यानेही येतो आणि दुपारपर्यंत चेहरा तुपकट दिसत नाही.

पायरी ५ : डोळे आणि भुवया

कॉन्टूरचाच रंग पापणीच्या घडीत लावला की वेगळी आयशॅडो लागत नाही. डोळे उघडे ठेवून, समोर पाहत तो लावावा. पापणीची घडी झाकली जात असेल, तर रंग घडीच्या किंचित वर ठेवावा, नाहीतर डोळा उघडताच तो दिसेनासा होतो.

त्यानंतर गडद तपकिरी किंवा काळी पेन्सिल वरच्या पापणीच्या केसांच्या मुळांमध्ये टिंबाटिंबांनी भरावी. आरसा हनुवटीखाली धरून खाली पाहिले की ही मुळे सहज दिसतात. अशी रेघ आयलायनरसारखी वेगळी उमटत नाही, पण केस दाट आणि डोळा रेखीव दिसतो. केस वळवायचे असतील तर मस्काऱ्याआधी वळवावेत, वाळलेल्या मस्काऱ्यावर चिमटा लावला की केस तुटतात. मस्काऱ्याचा ब्रश मुळाशी टेकवून थोडा डावी-उजवीकडे हलवावा आणि मग टोकाकडे न्यावा. उघडलेला मस्कारा साधारण तीन महिन्यांनी टाकून द्यावा, कारण त्यात जंतू वाढतात.

भुवईचे काम शेपटाकडून सुरू करावे. तिथे केस विरळ असतात आणि रेषा तिथेच तुटते. केसांच्या दिशेने बारीक फटकारे द्यावेत आणि नाकाकडचे टोक सर्वांत शेवटी, पेन्सिलीवर उरलेल्या रंगाने भरावे. केस काळे असले तरी भुवईसाठी गडद तपकिरी पेन्सिल जास्त नैसर्गिक दिसते.

ओठांना फारसे काही लागत नाही. नैसर्गिक ओठांपेक्षा किंचित गडद पेन्सिलने कड आखावी, ती बोटाने आत विरवावी आणि मध्यभागी थोडी उजळ लिपस्टिक किंवा बाम लावावा.

आता आरशापासून दोन हात मागे सरकून मान दोन्ही बाजूंना वळवून पाहावे. समोरून चांगली दिसणारी सावली बाजूने पट्टा होऊन दिसत असेल, तर अजून विरवायला हवी. घाईच्या सकाळी काही वगळावे लागलेच तर आधी हायलायटर वगळावा, मग कॉन्टूर. भुवया आणि पापणीच्या मुळांतली रेघ एवढे मात्र ठेवावे, कारण कमीत कमी वेळात सर्वांत जास्त फरक त्यांनीच पडतो.