छोटे रण आणि जामनगरचा किनारा: एकाच सहलीची आखणी कशी करावी

कच्छच्या आखाताच्या दक्षिण काठावर जामनगर भागातला प्रवाळांचा किनारा आहे, तर त्याच आखाताच्या पूर्व टोकाला लागून कच्छचे छोटे रण पसरलेले आहे. हे दोन्ही प्रदेश एका सहलीत पाहता येतात. मात्र आखणीची सुरुवात हॉटेलपासून नव्हे, तर पंचांगापासून करावी.

त्याचे कारण ओहोटी. आखात नरसाळ्यासारखे आत निमुळते होत गेल्याने येथे भरती-ओहोटीतील फरक फार मोठा असतो, आणि जामनगरपासून सुमारे 60 किलोमीटरवर असलेल्या नरारा येथे ओसरलेल्या पाण्यामागून समुद्रतळावर चक्क पायी चालत जाता येते. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांत, म्हणजे उधाणाच्या काळात, तळ सर्वाधिक उघडा पडतो. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या म्हणजे भरती-ओहोटीतील फरक सर्वांत कमी असण्याच्या दिवसांत, गेल्यास निराशाच पदरी येण्याची शक्यता अधिक. ओहोटीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकत असल्याने ती दिवसाउजेडी येते ना, हे भरतीच्या तक्त्यात पाहूनच नराराचा दिवस ठरवावा आणि रणाचे दिवस त्याच्या आधी बसवावेत.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ दोन्हीकडे सोयीचा आहे. पावसाळ्यात नद्यांचे गोडे पाणी आणि आखाताकडून येणारे खारे पाणी रणात साचते, तिथले रानगाढवांचे अभयारण्य बंद असते आणि जरा उंचावरचे भाग बेटांसारखे उरतात. त्यांना तिथे ‘बेट’च म्हणतात. पाणी आटल्यावर वर भेगाळलेली कोरडी पापडी दिसली, तरी तिच्याखाली चिखल असू शकतो. म्हणून स्वतःची गाडी रणात घालू नये. बजाणा किंवा झैनाबाद येथून वाटा जाणणाऱ्या स्थानिक चालकाची जीप घ्यावी. अवकाळी पाऊस झालाच, तर एक दिवस मोकळा ठेवलेला बरा.

रणात पहाटेच निघावे. भारतातील रानगाढवांचे, म्हणजे घुडखरांचे, मुख्य वसतिस्थान हेच असून 2024च्या गणनेत त्यांची संख्या 7672 भरली. कळप दिसला की चालकाला गाडी थांबवायला सांगावे. धावणारा कळप छायाचित्रात छान दिसतो म्हणून त्याच्यामागे जीप पळवणे हा निव्वळ छळ आहे. दुपारी मृगजळामुळे अंतराचा अंदाजच येत नाही. तो वेळ मिठागरांना द्यावा. आपल्याकडे रायगड-पालघरात भरतीचे पाणी खाचरांत घेऊन मीठ पिकवतात. येथे मात्र अगरिये, म्हणजे मीठ पिकवणारे कामगार, जमिनीखालचे, समुद्राहून कितीतरी खारट पाणी उपसतात आणि हिवाळाभर पाट्यांतल्या, म्हणजे मिठाच्या वाफ्यांतल्या, स्फटिकांवर लाकडी दंताळे ओढत राहतात. त्यांची झोपडी पाटीशेजारीच असते आणि पिण्याचे पाणी बाहेरून आणावे लागते. तेव्हा आपले पाणी आपण सोबत न्यावे.

रणातून जामनगरला पोहोचण्यास मोटारीने पाच-सहा तास लागतात. रेल्वेने येणाऱ्यांना मुंबईहून ओख्याला जाणारी सौराष्ट्र मेल उपयोगी पडते: रणासाठी विरमगामला उतरावे आणि पुढे याच मार्गाने जामनगर गाठावे.

नरारा हा 1982 साली घोषित झालेल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाचा भाग असल्याने वन विभागाची परवानगी आणि वाटाड्या घ्यावा लागतो. ओळखपत्र जवळ असावे. जाड तळव्याचे, भिजले तरी चालतील असे बूट घालावेत, कारण चपला चिखलात रुततात आणि प्रवाळाने पाय कापतो. ओहोटीच्या तळापूर्वी सुमारे दोन तास आधी पोहोचून ओसरत्या पाण्यामागून जावे, आणि पाणी फिरताच परतावे. एखाद्या डबक्याशी पाच मिनिटे न हलता उभे राहिल्यास दगडासारखा दिसणारा ऑक्टोपस रंग पालटून सरकताना दिसतो. काही वाटाडे फुगणारा मासा हातात धरून फुगवून दाखवतात. आपण स्वतःहून नको म्हणावे, कारण फुगणे हा त्याचा जिवाच्या भीतीने केलेला बचाव असतो.

परतीच्या दिवशी सकाळ मोकळी असेल, तर जामनगरलगतचे खिजडिया पक्षी अभयारण्य चुकवू नये. संस्थानकाळातील बांधामुळे तेथे एका बाजूला गोडे पाणी आणि दुसऱ्या बाजूला खाजण आहे, त्यामुळे बदके आणि रोहित पक्षी एकाच बांधावरून पाहता येतात. 2022 साली ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले. दुर्बीण नसेल, तर मागून घ्यावी, पण न्यावीच.