आजी-आजोबांचं लहानपण नातवंडांपर्यंत पोचवायचं कसं

"आमच्या वेळी असं नव्हतं" एवढं ऐकलं की समोरचं पोरगं मनाने तिथून उठून गेलेलं असतं, भले मान डोलवत बसलेलं का असेना. मला याचं फार वाईट वाटतं कारण त्या वाक्यानंतर जे येणार असतं ते बऱ्याचदा खरंच ऐकण्यासारखं असतं, आणि ते सांगणारं माणूस कायम आपल्यात असणार नसतं. त्यामुळे घरात कोणी सत्तरीच्या पुढचं असेल तर हे काम याच महिन्यात सुरू करा, सुट्टी लागू दे, सगळे जमू देत असं करत बसू नका.

पहिली गोष्ट, "तुमचं लहानपण कसं होतं?" हा प्रश्न विचारूच नका. त्याचं उत्तर "छान होतं, साधं होतं" असं येतं आणि विषय तिथेच संपतो. प्रश्न जितका बारीक तितकी आठवण मोठी निघते. दप्तर कशाचं होतं, घरात पहिला रेडिओ आला तो कुठे ठेवला आणि त्याचं बटण फिरवायची परवानगी कोणाला होती, मार सगळ्यात जास्त कोणाचा खाल्ला, असं विचारा.

माझा सगळ्यात आवडता उपाय म्हणजे घराचा नकाशा. एक मोठा कोरा कागद आणि पेन्सिल आजोबांच्या हातात द्या आणि लहानपणीचं घर काढायला सांगा, चित्र चांगलं यायची काही गरज नाही, नुसते चौकोन पुरे. मग नातवंडाने एकेक विचारत जायचं, दार कुठे होतं, पाणी कुठे भरून ठेवायचे, रात्री कोण कुठे झोपायचं, दिवे गेले की कंदील कुठल्या खिळ्याला लागायचा, कुठल्या खोलीत जायची भीती वाटायची. हात कागदावर फिरायला लागला ना की माणूस आपोआप त्या घरात फिरायला लागतो, आणि मग "इथे कोपऱ्यात माझी आत्या शिवणाचं मशीन घेऊन बसायची" असं काहीतरी येतं जे घरात कोणी कधीच ऐकलेलं नसतं. आठवतंय तोवर थांबवू नका, तुमचा पुढचा प्रश्न गेला तरी चालेल. कागद मात्र जपून ठेवा, त्यावर नाव आणि तारीख घाला.

कुठल्या वयापासून सुरुवात करायची? उतारवयात लोकांना साधारण 10 ते 30 वर्षांच्या वयातल्या आठवणी तुलनेने जास्त येतात असं अभ्यासात वारंवार दिसलंय, आणि पहिल्या तीनेक वर्षांचं तर बहुतेक कोणालाच काही आठवत नाही. म्हणून शाळेच्या मधल्या वर्षांपासून सुरू करा, तिथून मागेपुढे जाता येतं.

आता मोठ्यांसाठी. हे मी मनापासून सांगते, गोष्ट सांगा पण शेवटी बोध जोडू नका. "आम्ही रोज पायी शाळेत जायचो" हे मस्त आहे, "आणि तुम्हाला दारात गाडी लागते" हे जोडलं की पोराला कळतं की ही गोष्ट नव्हती, हे बोलणं बसत होतं. मुलांना हे लगेच कळतं. आणि फक्त गोड गोड सांगू नका. त्या काळात वाईटही होतंच की, बहिणीची शाळा का सुटली, कुठल्या आजारात घरातलं कोण गेलं, कशासाठी पैसे नव्हते. दंडावर देवीच्या लशीचा व्रण असेल तर तो दाखवा, पोराला बोट लावून बघू दे. त्याला सांगा की या रोगाने माणसं मरायची, वाचली तर चेहऱ्यावर वण राहायचे, आणि 1980 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो जगातून संपल्याचं जाहीर केलं म्हणून तुला ही लस टोचावी लागली नाही. जुना काळ सोन्याचा होता हे शंभर वेळा सांगण्यापेक्षा हा एक व्रण मुलाच्या जास्त लक्षात राहील, आणि पुढचा प्रश्न तो स्वतःहून विचारेल.

बोलता बोलता आजोबांचे डोळे भरून आले तर घाबरून विषय बदलू नका. 1688 मध्ये योहानेस होफर नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने घराच्या ओढीने येणारी ही हुरहुर चक्क आजार म्हणून लिहून ठेवली होती, आज नॉस्टॅल्जियाला कोणी आजार मानत नाही, उलट त्याने आपण एकटे नाही असं वाटायला मदत होते. थोडं थांबा, पाणी द्या, त्यांना पुढे बोलायचं असेल तर बोलू दे. दुखरी जागा असेल आणि ते नको म्हणाले तर मात्र सोडून द्यायचं, परत उकरायचं नाही.

दोन भावंडांच्या आठवणी जुळत नाहीत हे तर होणारच. कोण खरं यावरून भांडण लावू नका. स्मरणशक्तीचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी 1995 मध्ये छापलेल्या एका प्रयोगात मोठ्या माणसांना "तू लहानपणी मॉलमध्ये हरवला होतास" अशी न घडलेली गोष्ट सांगितली, तर जवळजवळ पाव लोकांना ती थोडीफार किंवा पूर्ण "आठवायला" लागली. स्मरणशक्ती अशीच आहे. म्हणून काका काय म्हणतात आणि आजी काय म्हणते ते दोन्ही नावानिशी ठेवा, आणि सांगणाऱ्याच्या तोंडात आपले शब्द घालू नका, "तेव्हा तुम्ही खूप रडला असाल ना" असं न म्हणता "मग काय झालं?" एवढंच विचारा.

आणि हे एकतर्फी नको. पोराने आजीला त्याचा गेम शिकवावा, आजीने खरोखर खेळून बघावा, हरली तरी चालेल. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांना घरच्या इतिहासावरचे 20 प्रश्न विचारले होते, आईबाबा कुठे वाढले, ते कसे भेटले असे, आणि ज्या मुलांना जास्त माहिती होतं त्यांचा स्वतःवरचा विश्वासही जास्त दिसला. पण म्हणून उत्तरं पाठ करून घेऊ नका हं, खरा फरक एकत्र बसून रोज होणाऱ्या गप्पांचा आहे.

रेकॉर्डिंगला साधा फोन पुरतो. आधी परवानगी घ्या. फोन एअरप्लेन मोडवर टाका नाहीतर मध्येच कॉल येतो, पंखा बंद करा, फोन घडी केलेल्या कापडावर त्यांच्या जवळ ठेवा आणि सुरुवातीला तारीख आणि नावं बोला. एका वेळी अर्धा पाऊण तास, जास्त ताणू नका, माणूस थकतं.

घरात जुन्या कॅसेट निघाल्या तर लावण्याआधी एक काम करा. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन टोकांना छोट्या प्लास्टिकच्या पट्ट्या असतात, त्या शाबूत असतील तर तोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी जुना आवाज पुसला जाणार नाही. मग एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून वायर कॉम्प्युटरला लावा आणि ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उतरवा. 120 मिनिटांच्या कॅसेटची टेप फार पातळ असते, ती जास्त फिरवत बसू नका, तुटते.

फोटो स्कॅन करायचे तर 600 डीपीआयवर (स्कॅन किती बारकाईने होतो त्याचं माप), आणि मागची बाजूही स्कॅन करा कारण बऱ्याचदा नावं तिथेच असतात. मागे नव्याने लिहायचं तर मऊ पेन्सिलने हलक्या हाताने, बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. निगेटिव्ह असतील तर टाकू नका.

फाइलला नाव देताना वर्ष पुढे घ्या, "1962 शाळा आजोबा" असं, म्हणजे सगळं आपोआप ओळीने लागतं. एकूण तीन कॉपी ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी. सगळं बोलणं लिहून काढायचा घाट घालू नका, त्यानेच बहुतेकांचं काम अर्धवट राहतं, नुसतं "12व्या मिनिटाला, सायकल शिकले" "20व्या मिनिटाला, शाळेतला मार" एवढं वहीत टिपा. आणि फॅमिली ग्रुपवर काही टाकायच्या आधी ज्यांचा आवाज आहे त्यांना ऐकवा, त्यांनी जो तुकडा नको म्हटलं तो कापून बाजूला ठेवा.