सर्व्हरची मांडणी फाइलीत कशी उतरवावी: अ‍ॅन्सिबल आणि ओपनटोफूची सुरुवात

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतली एखादी फाउंड्री घ्या. ऑफिसच्या कोपऱ्यात ईआरपीचा (हिशेब, साठा, ऑर्डरी सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) सर्व्हर घरघरत असतो. तो लावून देणारा पोरगा कधीच पुण्याला गेलेला, आणि त्यात नेमकं काय काय टाकलंय हे फक्त त्यालाच ठाऊक. त्यानं फोन उचलला तर ठीक, नाहीतर नवा माणूस आठवडाभर अंदाज बांधत बसतो. यावर उपाय एकच: सर्व्हरची मांडणी माणसाच्या डोक्यातून काढून साध्या मजकुराच्या फाइलीत लिहायची आणि हवा तेव्हा त्या फाइलीवरून तोच सर्व्हर पुन्हा उभा करायचा. लिनक्सच्या कमांडची जुजबी ओळख असली तरी हे जमतं.

या कामाची मुक्त साधनं बरीच आहेत. पपेट २००५ पासूनचं, शेफ २००९ चं, त्यानंतर सॉल्ट, आणि २०१२ मध्ये आलेलं अ‍ॅन्सिबल. पपेट आणि शेफ वापरायचं तर सहसा प्रत्येक सर्व्हरवर त्यांचा एजंट, म्हणजे सतत चालणारा छोटा प्रोग्रॅम, बसवावा लागतो. अ‍ॅन्सिबल एसएसएचवरून (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायची सोय) आत जातं, काम करतं आणि बाहेर पडतं. समोरच्या लिनक्स सर्व्हरवर पायथन असलं की झालं. दहा-वीस सर्व्हरच्या कारभाराला दुसरं काही शोधत बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

संगणकाला हात लावण्याआधी वही घ्या. चालू सर्व्हरवर कोणती पॅकेजेस आहेत, कोणते यूजर आहेत, कोणते पोर्ट उघडे आहेत, क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी लिनक्सची सोय) रात्री काय चालतं, हे सगळं लिहून काढा. कंटाळवाणं काम आहे, पण पुढचं सगळं यावरच उभं राहतं. क्रॉन हमखास विसरला जातो, आणि बॅकअप नेमका तिथूनच चालत असतो.

आता तुमच्या लॅपटॉपवर अ‍ॅन्सिबल बसवा. उबुंटू असेल तर एपीटीनं काम होतं. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) लागेल, कारण अ‍ॅन्सिबल थेट विंडोजवरून चालवता येत नाही. एसएसएचची की (दोन भागांची डिजिटल किल्ली) तयार करा, तिचा सार्वजनिक भाग सर्व्हरवर पाठवा आणि पासवर्डशिवाय लॉगिन होतंय ना, ते बघा. मग इन्व्हेंटरी नावाची फाइल करा: त्यात सर्व्हरचे पत्ते आणि त्यांचे गट, उदाहरणार्थ 'वेब' आणि 'डेटाबेस'. पिंग मॉड्यूल (मॉड्यूल म्हणजे एकेका कामाचा तयार तुकडा) चालवून उत्तर येतंय का पाहा. नेटवर्कच्या नेहमीच्या पिंगशी याचा संबंध नाही. हे खरोखर लॉगिन करून पायथन चालतंय का तपासतं.

पुढचा टप्पा प्लेबुकचा. सर्व्हर कसा असावा हे ज्यात लिहायचं ती ही फाइल, यॅमल नावाच्या साध्या मजकुराच्या पद्धतीत लिहिलेली. तिच्यात टॅब चालत नाही, ओळी स्पेस देऊनच आत सरकवायच्या. नवशिक्याचा निम्मा वेळ इथंच जातो. पहिल्या प्लेबुकमध्ये फार काही कोंबू नका. वेळ भारतीय असावी, एक यूजर असावा, एनजिनएक्स हा वेब सर्व्हर बसलेला आणि चालू असावा, त्याची कॉन्फिग फाइल अमुक अशी असावी, एवढंच. इथं 'हे कर' असं सांगायचं नसतं, 'हे असं असावं' असं सांगायचं असतं. त्यामुळे तेच प्लेबुक दुसऱ्यांदा चालवलं तर शेवटच्या ओळीत बदल शून्य दिसायला हवेत. शून्य येत नसतील, तर बहुतेक वेळा कुठंतरी शेल मॉड्यूलनं थेट कमांड मारलेली असते. तिच्या जागी त्या कामाचं खास मॉड्यूल शोधा. कॉन्फिग बदलली तरच एनजिनएक्स रीस्टार्ट व्हावं, यासाठी हँडलर, म्हणजे बदल झाला तरच चालणारं काम, वापरा.

चालू सर्व्हरवर प्लेबुक सोडण्याआधी 'चेक' आणि 'डिफ' हे पर्याय लावून चालवा. काय बदलणार ते ओळीओळीनं दिसतं, बदल मात्र होत नाही. पासवर्ड अ‍ॅन्सिबल व्हॉल्टनं कुलूपबंद करा आणि मगच सगळं गिटमध्ये (फाइलींच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन) टाका.

मग खरी परीक्षा: रिकाम्या मशीनवर सगळं पुन्हा उभं करायचं. कोल्हापुरात यासाठी मे महिना बरा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गावरच पाणी आलं होतं. ऑफिस कोरडं असलं तरी सर्व्हरपर्यंत पोहोचायची सोय नव्हती. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला टेकल्यावर हे शिकायला बसून उपयोग नाही. एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: प्लेबुक मांडणी परत आणतं, डेटा नाही. डेटाबेसचा बॅकअप वेगळा आणि गावाबाहेरच हवा, आणि याच वेळी तो उघडून बघा.

ते रिकामं मशीन क्लाउडवर घेणार असाल तर ओपनटोफू कामाला येतं: फाइलीत लिहिलेलं वाचून ते क्लाउडवर मशीन उभं करतं. टेराफॉर्म २०१४ पासून हेच काम करत होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये हॅशीकॉर्पनं त्याचा मुक्त परवाना बदलला, तेव्हा जुन्या मुक्त कोडवरून ओपनटोफू निघालं. ते आता लिनक्स फाउंडेशनकडे आहे. किती क्षमतेचं मशीन हवं, कोणत्या विभागात, कोणते पोर्ट उघडे, हे फाइलीत लिहायचं. एडब्ल्यूएस (अ‍ॅमेझॉनचं क्लाउड) असेल तर आपल्याला मुंबई विभाग जवळचा. मग इनिट (तयारी), प्लॅन (काय बदलणार ते बघणं), अप्लाय (प्रत्यक्ष बदल) या कमांडच्या क्रमानं जायचं. मशीन उभं राहिलं की आतलं काम अ‍ॅन्सिबलकडे.

प्लॅन नीट वाचल्याशिवाय अप्लाय करू नका. अधिकचं चिन्ह म्हणजे नवं येणार, वजा म्हणजे जाणार. वजा आणि अधिक एकत्र दिसले तर जुनं पाडून नवं बांधणार. डेटाबेसच्या नावापुढे ते दिसलं तर तिथंच थांबा. स्टेट फाइल (काय काय उभं केलंय याची ओपनटोफूनं ठेवलेली नोंद) गिटमध्ये टाकू नका, तिच्यात पासवर्ड उघडे असू शकतात. दोघं-तिघं काम करत असाल तर ती सामायिक ठिकाणी लॉकसह ठेवा, म्हणजे एका वेळी एकच जण बदल करेल. ओपनटोफूच्या १.७ आवृत्तीपासून ती एन्क्रिप्टही करता येते.

तुमचा सगळा पसारा एकाच भाड्याच्या सर्व्हरचा असेल, तर ओपनटोफूच्या वाटेला न गेलात तरी चालेल; अ‍ॅन्सिबल पुरेसं आहे. चाचणीसाठी मशीन उभं केलंच असेल तर संध्याकाळी डिस्ट्रॉय (उभं केलेलं सगळं पाडून टाकणारी ओपनटोफूची कमांड) चालवून घरी जा. मशीन वापरा की नुसतं चालू ठेवा, बिल तासागणिक चढतच राहतं.